एका सकाळचे त्रेचाळीस प्रश्न

कारखान्यात सगळे त्यांना सेकंदसाहेब म्हणायचे, अर्थात पाठीमागे. बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराशेजारी उभं राहायचं आणि त्याची कुठली हालचाल फुकट जाते ते टिपून घ्यायचं. निवृत्तीनंतर वर्षभरात बायको गेली आणि ते मुलाकडे राहायला आले. तिसऱ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर. मुलगा छापखान्यात मशीनवर होता. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. नाती दोन, थोरली बारा वर्षांची, धाकटी सातची.

सून साडेपाचला उठायची ती सव्वाआठला पायात चप्पल सरकवेपर्यंत कुठे टेकायची नाही. एका मंगळवारी, लागोपाठ दुसऱ्या दिवशी, तिची बस चुकली. डबा विसरला म्हणून ती अर्ध्या जिन्यातून परत आली होती. बस गेल्याचा आवाज खिडकीतून ऐकला आणि ओट्याला टेकून नुसती उभी राहिली. रडली नाही. पण सासऱ्यांनी जन्मभर माणसांचे चेहरे पाहिले होते. कारखान्यात पाळी संपायला तीन तास असताना असा चेहरा झाला, की माणूस बोट कापून घेतो, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्टॉपवॉच आणि वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले.

"हे काय, बाबा?"

"तू तुझं काम कर. मी नाहीच असं समज."

"दार अडवून बसलेला माणूस नाही असं कसं समजू?"

तरी चार दिवस ते बसले. ओटा ते फ्रीज किती फेऱ्या, कपासाठी किती वेळा टाचा वर, सगळं मोजलं. रविवारी सून मुलींना घेऊन माहेरी गेली, तेवढ्यात बापलेकांनी स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. कप शेगडीजवळ आले, डबे खालच्या फळीवर गेले, चमचे दुसऱ्या खणात. "रोजची वीस मिनिटं वाचणार," सासरे खुशीत म्हणाले.

सोमवारी सकाळी, लग्नानंतर पहिल्यांदाच, सुनेनं स्वतःच्या स्वयंपाकघरात विचारलं, "मीठ कुठे आहे?"

तिचा हात जुन्या जागी जायचा आणि रिकामा परत यायचा. मीठ सापडेपर्यंत दूध उतू गेलं. वीस मिनिटं वाचायची ती राहिली बाजूला, पंचवीस जास्तच गेली.

"मला एका शब्दानं विचारायला काय झालं होतं?" ती नवऱ्यावर कडाडली. नवऱ्यानं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी छताकडे.

संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा सासरे आपणहून येऊन समोर बसले.

"चुकलो मी," ते म्हणाले. "कारखान्यातही हेच करायचो. माणसाचे हात मोजायचो, पण बाबा रे, तुला जड काय जातं, असं कधी एकाला विचारलं नाही. तुला विचारतो. काय जड जातं?"

तिनं हातातली घडी खाली ठेवली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"काम नाही हो जड जात. हात आपले चालत असतात. पण मी भाजी चिरत असते आणि कुणीतरी विचारतं, मोजे कुठे आहेत. मग दुसरं कुणी, शाळेची फी कधी भरायची. मग साबण संपला का. सगळं घर मी डोक्यात घेऊन फिरते, बाबा. हात मोकळे झाले तरी डोकं काही मोकळं होत नाही."

सासऱ्यांना ते पुरतं पटलं नाही. एवढ्यातेवढ्या प्रश्नांनी कुणी थकतं का? पण माणूस इमानदार. दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच न घेता बसले. कुणी तिला काही विचारलं, की वहीत एक रेघ.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी वही उघडली. "सहा ते सव्वाआठ. एकूण प्रश्न त्रेचाळीस. थोरलीचे नऊ. धाकटीचे बारा. आमच्या चिरंजीवांचे दहा." ते थांबले, चष्मा पुसला. "आणि माझे बारा. सात वर्षांच्या पोरीच्या बरोबरीनं."

धाकटीला फारच आनंद झाला. मुलगा मात्र कुरकुरला. "पण मी मदत करतोच की. तू फक्त सांग, लगेच करतो."

"तेच तर," सून म्हणाली. "सांगायचं काम माझ्याकडेच उरतं ना."

मग वाटणी झाली, पण नुसत्या कामाची नाही. ज्याचं काम त्याचं ते मुळापासून शेंड्यापर्यंत, आठवण ठेवण्यासकट. डबे सासऱ्यांचे. भाजी कुठली, आणायची कधी, काय संपलं, सगळं त्यांनी बघायचं. कपडे नवऱ्याचे. थोरलीकडे दोघींची दप्तरं आणि शाळेच्या चिठ्ठ्या. धाकटीला मोजे, छत्र्या आणि किल्ल्या मिळाल्या. ती स्वतःला हरवाहरवी खात्याची मंत्री म्हणवून घेऊ लागली. स्वयंपाकघर सुनेनं आपल्या हातानं पुन्हा लावलं. कप तेवढे शेगडीजवळच ठेवले. "एवढं एक बरं केलंत," ती सासऱ्यांना म्हणाली.

सुरुवातीला व्हायचा तो गोंधळ झालाच. सासऱ्यांनी तीन दिवस सलग घेवडा केला, तेव्हा थोरली म्हणाली, "आजोबा, वर्गात मला घेवडाबाई म्हणायला लागलेत." शाळेचा पांढरा शर्ट गुलाबी निघाला. पण सगळ्यांत अवघड गेलं ते सुनेलाच. एकदा तिनं नवऱ्यानं घातलेल्या घड्या मोडायला घेतल्या.

"ए, ते माझं काम आहे."

"अरे, तिरक्या घातल्यास!"

"तिरक्या तर तिरक्या. अंगात घातल्यावर कुणाला दिसतात?"

तिनं शर्ट खाली ठेवला.

दोन महिन्यांनी दुकानात काचा घासायचं नवं यंत्र यायचं ठरलं. ते शिकायला दुसऱ्या गावी तीन दिवस जायचं होतं. मालकांनी विचारलं, तेव्हा सवयीनं तिच्या ओठावर 'नाही' आलं होतं. मग म्हणाली, "जाते मी."

पहिल्या दिवशी फोन एकदाही वाजला नाही. जेवणाच्या सुट्टीत तिनं तो तीनदा उघडून पाहिला. संध्याकाळी न राहवून तिनंच लावला. सासऱ्यांनी उचलला.

"धाकटीला सकाळी ताप होता. दवाखान्यात नेऊन आणली, औषध चालू आहे. आता उतरलाय. भात खाल्ला आणि झोपली."

"आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?"

"तू शिकत होतीस. उतरला नसता तर तासाभरात कळवणार होतो. आता सांगतोच आहे ना, सूनबाई."

तिला पहिली बस धरून निघावं असं वाटलं. तेवढ्यात नवरा बोलायला आला.

"दर दोन तासांनी ताप बघून लिहून ठेवतोय आम्ही. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस शाळा नाही. उद्या मी रजा घेतलीय, परवा बाबा आहेत घरी."

"घसा दुखत असेल तर..."

"कोमट पाणी. दिलंय."

विचारायला तिच्याकडे काही उरलं नाही. आपल्यावाचून काही अडलं नाही, याचं तिला जरा वाईटही वाटलं. फोन ठेवून ती थोडी रडली. कशासाठी ते तिचं तिलाच नीट कळेना. मग तोंड धुतलं. खालून दुसऱ्या दुकानांतून शिकायला आलेल्या दोघीजणी हाका मारत होत्या, गावात फेरी मारायला चल म्हणून. ती निघाली.

रस्त्यानं दोघी फेरीवाल्यांशी घासाघीस करत होत्या, हसत होत्या. ती मात्र मागे रेंगाळत होती. "घरची काळजी लागली का गं?" एकीनं विचारलं.

"नाही गं," ती म्हणाली. "मी विचार करतेय, ते यंत्र एवढी पातळ कड घासतं, तर काच तडकत कशी नाही? उद्या विचारू या."