उजव्या चाकाचं लॉक

आमच्या जुन्या फोर-व्हील गाडीत ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याला फुकट बसता येत नाही. बर्फ लागला की उतरायचं आणि पुढच्या उजव्या चाकाच्या मधोमध असलेलं लॉक फिरवायचं, तेव्हाच पुढची चाकंही गाडी ओढतात. डावं बाबांचं. उजवं माझ्या एजेचं, थोरल्या बहिणीचं. पण एजेनं बाबांना न विचारता खिंडीपलीकडचा नवरा केला आणि ती सीट रिकामी पडली. मला मागे बसवायचे, पोत्यांबरोबर!

एप्रिलमध्ये एजेला मुलगा झाला. आमच्या रीतीनं पाळणा आजोळहून जायला हवा, बाळाला पहिल्यांदा त्यातच निजवायचं. वर्षभर अबोला धरलेल्या बाबांनी स्वतः पाळणा गाडीत चढवला. मी सरळ पुढे जाऊन बसले.

"तिथं कुणी बसायला सांगितलं?"

"मग उजवं चाक काय मेंढी फिरवणार?"

बाबा हसले. चक्क हसले!

चढावर बर्फ लागला. मी उडी मारली. लॉक अर्ध्यावर अडकलं.

"जोर लाव की. नान खाल्लास ना सकाळी?"

"दोन खाल्ले! बाबा, हे वर्षभर कुणी फिरवलंय का?"

बाबांनी हत्यारांची पेटी काढली. पक्कड झाली, हातोडी झाली. लॉक हललं नाही. एक बाजू सुटी राहिली की जोर सगळा तिकडेच वाया जातो, पुढचं एकही चाक ओढत नाही. बाबांना हे माझ्याआधीपासून ठाऊक. तरी त्यांनी गाडी चढावर घातली. पुन्हा घातली. मागची चाकं गरगरली, गाडी घसरत खाली आली, पाळणा आडवा झाला. परतलो, आणि संध्याकाळी बर्फानं खिंड बंद झाली.

एजेचा फोन आला. "सासूबाईंनी शेजारचा पाळणा आणलाय, बाबा. निजलाय तो. असू दे."

"निजला ना?" एवढंच म्हणून बाबांनी फोन माझ्या हातात दिला.

सकाळी आम्ही लॉक उघडलं. आत गंज, आणि पाणी शिरून ग्रीसचं पार आयरान, पातळ ताक झालेलं.

"नदी ओलांडली की एजे हे उघडून पुसायची, नवं ग्रीस भरायची," मी म्हटलं. "उन्हाळ्यातसुद्धा अधूनमधून फिरवायची."

"माहीत आहे."

"मग तुम्ही का नाही...?"

"तिची बाजू होती ती," बाबा म्हणाले. "हात लावायचा नाही, असं मनाशी धरून बसलो होतो."

रॉकेलनं धुतलं, पुसलं, ग्रीस लावून बसवलं. मी फिरवलं. टक्क! लोण्यासारखं!

"खिंड उघडली की जाऊ ना, बाबा? पाळणा गाडीतच ठेवू या!"

"जाऊ. पण पहिल्यांदा तो लोकांच्या पाळण्यात निजला, पोरी."

आणि ते उगाचच ते लॉक फिरवत बसले. पुढे, मागे. प्रत्येक वेळी बरोबर बसत होतं.