अभिप्रायासाठी परत

मंगळवारच्या टपालातलं तिसरं पाकीट फोडलं आणि दत्तप्रसादांनी आतला कागद दोनदा वाचला. महामंडळाच्या पुणे कार्यालयात येणारा प्रत्येक कागद वहीत नोंदवायचा आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, हे त्यांचं एकोणतीस वर्षांचं काम. हा कागद कार्यालयात नव्याने लागलेल्या ऋतुजाचा होता. महिन्यापूर्वी तिने साहेबांविरुद्ध थेट मुंबईच्या मुख्यालयाला लिहिलेली तक्रार. वर कुणीतरी हिरव्या शाईने शेरा मारला होता : 'योग्य मार्गे सादर नाही. कार्यालयप्रमुखांच्या अभिप्रायासाठी परत.'

कार्यालयप्रमुख म्हणजे प्रज्ञेश साहेबच.

ऋतुजा चंद्रपूरची, नारायण पेठेत तिघींत एक खोली घेऊन राहणारी. साहेबांनी हजेरीपत्रक आपल्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं होतं. ती पावणेदहाला दाराशी येऊन उभी राही. साहेब साडेदहाला आत बोलावत आणि तिच्या नावापुढे लाल पेनाने 'उशिरा' लिहीत. "रोज चंद्रपूरहून येता का हो?" असं सगळ्यांदेखत विचारत. लोक हसत. एकदा दत्तप्रसादही हसले होते. महिनाअखेरीला ती कायम होणार की घरी जाणार, हे त्या लाल शेऱ्यांवर ठरायचं होतं.

त्यांनी पाकीट खणात सरकवलं. नोंद केली नाही.

"काका, मुख्यालयाकडून माझं काही आलं का?" दुपारी डबा उघडताना तिने विचारलं.

"नाही गं. येईल."

सांगावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण ती रडली असती, कुणीतरी पाहिलं असतं, साहेबांच्या कानावर गेलं असतं. आपण तिला वाचवतोय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. बुधवारीही घातली, गुरुवारीही.

शुक्रवारी सकाळी, तक्रारीवरच्या अभिप्रायाचं काय झालं म्हणून, मुख्यालयातून साहेबांना फोन आला. आढावा बैठकीत ते म्हणाले, "दत्तप्रसाद, उभे राहा. टपाल तुम्ही स्वतःच वाचून संपवता, की आम्हालाही थोडं मिळतं?"

"नजरचुकीने राहिलं, साहेब."

"मग आणा ती नजरचूक."

साहेबांनी तक्रार मोठ्याने वाचली, पार खालच्या सहीपर्यंत. ऋतुजा समोरच बसली होती. "छान लिहिलंय," साहेब म्हणाले. "आणखी कुणाला माझा त्रास आहे? बोला ना. मी काही खात नाही."

अकरा जण टेबलाकडे बघत राहिले.

"नाही? मग तसं लिहूनच द्या."

जरा वेळाने कागद छापून आला. 'कार्यालयातील वातावरण खेळीमेळीचे असून आमची कोणतीही तक्रार नाही.' खाली तेरा नावं. सगळ्यांत जुने म्हणून पहिलं दत्तप्रसादांचं, शेवटचं ऋतुजाचं.

"साहेब, मला जरा..."

"सही करताय, की टपाल दाबल्याचा खुलासा मागवू?"

निवृत्तीला अकरा महिने उरले होते. त्यांनी सही केली.

"आता तुम्हीच फिरवा. पोचवायची सवय मोडलीय तुमची."

कागद घेऊन ते खुर्चीखुर्चीपाशी थांबत गेले. कुणी वर पाहिलं नाही. शेवटी ऋतुजाजवळ आले.

"कधी आलं होतं, काका?" ती अगदी हळू म्हणाली.

"मंगळवारी."

"तीन दिवस. मी मुंबईला जाऊन अर्ज मागे घेतला असता. यांच्या हातात पडलाच नसता."

"मला वाटलं, तुला उगाच..."

"पेन द्या."

त्यांनी दिलं. तिने वरची बारा नावं वाचली. पहिल्या सहीवर तिची नजर जरा रेंगाळली. मग तिने आपली सही केली आणि कागद त्यांच्या हातात ठेवला.

"हा तरी साहेबांना वेळेवर द्या," ती म्हणाली.

दत्तप्रसादांनी तो लगेच नेऊन दिला.