पऱ्हाटीचे दोन ढीग

पहिला ढीग.

शाळेमागच्या पडीक जागेत, भोवती चर खोदून, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, रचली होती. गजेंद्रभाऊंनी काडी लावली. जाळ माणसाच्या वर गेला आणि संत्र्याच्या बागा फवारायचे त्यांचे तीन ट्रॅक्टर धडधडत पुढे आले. ब्लोअर घरघरले, पाण्याचा फवारा उडाला, ढीग विझला. गावाने टाळ्या वाजवल्या. जिल्ह्याहून पाहणीला आलेल्या साहेबांनीही वाजवल्या.

दीक्षाने वाजवल्या नाहीत.

ती सरपंच. सरकारी निधीतून गावात अग्निशमन केंद्र व्हावं म्हणून दोन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या तिने झिजवल्या होत्या. हा खेळ दाखवायची हौस मात्र गजेंद्रभाऊंची. पाहुण्यापुढे आपलं उणं काढायचं नाही, ही गावाची जुनी खोड.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "कमाल आहे तुमची. तुमचं तर छान भागतंय. निधी थोडा आहे, ज्यांच्याकडे काहीच नाही अशा गावाला देऊ."

गजेंद्रभाऊंच्या ओठांवरचं हसू तिथंच वाळलं.

इथे गोष्ट संपली असती. साहेबांनी गाडीचं दार उघडलंही होतं.

"साहेब," दीक्षा म्हणाली, "ढीग आणखी एक हाय."

दुसरा ढीग. म्हणजे तीच गोष्ट, पण मे महिना आहे असं धरून.

"आता फेब्रुवारी हाय. फवारणी चालू हाय म्हणून टाक्या भरल्या. गजेंद्रभाऊ, मे मधी तुमच्या टाकीत काय असते?"

गजेंद्रभाऊ जवळ येऊन हळूच म्हणाले, "पाहुण्यापुढं इज्जत काहून काढून राहिली, बाई?"

"इज्जत कुठी जात नाई, भाऊ. केंद्र चाललं हातचं."

मे महिन्यात मृग बहारासाठी बागा ताणावर असतात. झाडांचं पाणी तोडलेलं, विहिरींचा तळ उघडा. मागच्या मे महिन्यात इंदूबाईचं घर पेटलं तेव्हा हेच तीन ट्रॅक्टर धावत आले होते. कोरडे. त्या दिवशी भाऊ स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, हे गावात कोणी बोलत नाही.

"सांग ना बापा," बायांमधून इंदूबाई गजेंद्रभाऊंना म्हणाली. "मायं घर तं सांगूनच राहिलं."

गजेंद्रभाऊ ट्रॅक्टरकडे गेले. टाकीखालचा नळ त्यांनी उघडला. मग दुसऱ्या टाकीचा, तिसऱ्या टाकीचा. पाणी काळ्या मातीत जिरत त्यांच्या चपलांपर्यंत आलं.

"हा मे, साहेब," ते म्हणाले.

दीक्षाने काडीपेटी हातात घेतली. "आता तालुक्याच्या गाडीले तुमीच फोन करा. सराव हाय म्हणा, पण गाडी पाठवा म्हणा."

"मला अमरावतीला मीटिंग आहे."

"खुर्ची आणली हाय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कोरड्या होत चाललेल्या टाक्यांकडे पाहिलं, आणि फोन लावला. तो ठेवल्यावरच तिने काडी ओढली.

पऱ्हाटी तडतडली. कोणी जागचं हललं नाही. जाळ वर गेला, रुंद झाला, वारा फिरला तशी माणसं मागे सरली. ढीग मधून खचला. चहा आला, साहेबांच्या हातातच तो निवला. एकदा त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. निखाऱ्यांवर राख धरली तरी रस्ता रिकामाच.

भोंगा ऐकू आला तेव्हा नुसता धूर उरला होता. गाडीतून ड्रायव्हर उडी मारून उतरला. तोंडावर घाम, शर्ट पाठीला चिकटलेला. बिचाऱ्याने कुठे थांबून वेळ काढला नव्हता. रस्ताच तेवढा होता.

"आग कुठी हाय?"

इंदूबाईने हनुवटीने राख दाखवली. "येऊन गेली."

साहेब खुर्चीतून उठले. निवलेला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "शिफारस मी करतो. जे पाहिलं तेच लिहितो. पण मंजुरी माझ्या हातात नाही, ती वरून येते."

"मंग वरच्या साहेबायले बी घेऊन या," दीक्षा म्हणाली. "पऱ्हाटी लय हाय आमच्याकडं."

गजेंद्रभाऊ तोवर तिसरा ढीग रचायला लागले होते.