शिवणीचा पाट

लाकूड कधी मरत नाही, ते फक्त रूप बदलतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. तळोद्यात लाकडाला वाळवी लागते.

दोधू मिस्तरीला हे ठाऊक होतं. त्याची बायको धनुबाई मार्गशीर्षात गेली आणि तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी तो नांगराचं जू तासायला बसला. रडला नाही. गावानं दोन दिवस यावर चर्चा केली, मग जू चांगलं झालं म्हणून सोडून दिली. रांधायला त्याची थोरली बहीण कौसाबाई येऊन राहिली. धनुबाई बावीस वर्षं ज्या पाटावर बसून भाकरी थापायची, तो कौसाबाईनं चुलीमागच्या भिंतीला उभा करून ठेवला. त्यावर ती बसत नसे, दोधूही बसत नसे.

चैत्रात पुलाच्या कामावरच्या गोऱ्या साहेबाची गिटार दुरुस्तीला आली. साहेबाचा कारकून चुनीलाल ती चादरीत गुंडाळून घेऊन आला. दोधूनं असलं वाद्य पाहिलं नव्हतं. भोपळा नसलेली सतार, अशी त्यानं मनाशी नोंद केली. तळोद्याच्या उन्हानं आतला सरस सुटला होता आणि वरची पातळ फळी ज्यांच्या आधारानं उभी राहते, त्या आतल्या फासळ्या मोडून पडल्या होत्या. दोधूनं गरम सुरीनं पाठ उघडली. फासळ्या पांढुरक्या, पिसासारख्या हलक्या निघाल्या. विलायतेत चांगलं लाकूड मिळत नसावं, याची त्याला कीव आली. त्यानं सातपुड्यातला चाळीस वर्षांचा साग काढला, फासळ्या दुप्पट जाड केल्या आणि अशा बसवल्या की वरून बैलगाडी गेली असती तरी चाललं असतं.

गिटार नेल्यावर चार दिवसांनी चुनीलाल ती घेऊन परत आला.

"मिस्तरी, साहेब म्हणस, जड व्हयनी."

एवढंच. बाकी साहेबानं काही सांगितलं नव्हतं आणि चुनीलालनं विचारलं नव्हतं. विचारणं हे कारकुनाचं काम नाही, असं त्याचं मत होतं. पंधरवड्यात साहेबाचा मुक्काम हलणार आहे, तेवढं सांगून तो गेला.

दोधूनं तार छेडली. आवाज ओल्या गोणीवर काठी मारावी तसा आला. आवाज जड झालाय, हे साहेबाला कळलं आणि आपल्याला कळलं नाही. त्यानं जुन्या फासळ्या पुन्हा हातात घेतल्या आणि एकेक नखानं वाजवून पाहिली. त्या बोलत होत्या. साग बोलत नव्हता.

हलकं आणि बोलणारं लाकूड म्हणजे शिवण. सातपुड्यातल्या काठी गावाकडचा लाकूडवाला वीरसिंग दोन दिवसांत शिवणीचा ओंडका घेऊन उतरला, पण सोबत हेही सांगितलं की ओलं आहे, वर्षभर सावलीत ठेवावं लागेल, नाहीतर पीळ पडेल. वर्षभर वाळलेली शिवण गावात कुणाकडे नव्हती. बावीस वर्षं चुलीजवळ वाळलेली एक होती. दोधूनंच ती लग्नाच्या साली निवडली होती, सरळ रेषांची, एक गाठ नसलेली.

त्यानं पाट उचलला, कानाशी धरला आणि बोटानं ठोकला. कौसाबाई पीठ मळायची थांबली.

"तो धनुना पाट शे, दोधू."

"माले माहीत शे."

"तू रडना नही, आन आते तिना पाट फाडी ऱ्हायना."

दोधूनं करवत घेतलीच नाही. करवत रेषा तोडते. चाकाचे आरे करताना लाकूड फाडायचं असतं, म्हणजे ते स्वतःच्या रेषेनं जातं. त्यानं पटाशी लावली, एक ठोका दिला. पाट एका आवाजात दुभंगला. मग चार तुकडे, मग आठ. रेषा उभ्या येतील असे तुकडे फिरवले, रंधा मारला, टोकं पातळ केली, रंध्याचे दर चार हात मारून नखानं वाजवलं, पुन्हा पातळ केलं. एका बाजूला पिठाचा जुना पांढरा डाग होता. तो रंध्याखाली गेला. साग काढून नव्या फासळ्या सरसानं बसवल्या, पाठ चिकटवली, सहा दिवस दोरीनं बांधून ठेवली.

सातव्या दिवशी तार छेडली. आवाज चुलीपर्यंत गेला आणि बराच वेळ तिथं राहिला. कौसाबाईनं पदर डोळ्यांना लावला. दोधूनं पुन्हा छेडली नाही. चादर गुंडाळली.

महिन्याभरानं चुनीलाल नव्या मुक्कामावरून बाजाराला आला, तेव्हा भेटला. साहेब खूश आहे का, असं दोधूनं विचारलं. भलताच खूश, चुनीलाल म्हणाला. साहेबाला वाजवता येत नाही. मेलेल्या काकाची आठवण म्हणून ती तो जाईल तिथं भिंतीवर टांगतो. सागाच्या वजनानं दोनदा खिळा निघाला होता.

आता निघत नाही.