उजेडातली शेवंती

शेवंतीच्या चार फांद्या मोडलेल्या दिसल्या तशी दुर्गाबाईनं हातातली बादली तिथंच आपटली. अर्धं पाणी तिच्याच पायावर सांडलं, पण तिकडं पाहायला तिला सवड नव्हती. तिची नजर सरळ पत्र्यांच्या कुंपणापलीकडं गेली होती. पलीकडं रागिणी राहायची, आणि दुर्गाबाईच्या घरात काहीही बिघडलं, अगदी दूध नासलं तरी, तिची नजर आधी पत्र्यापलीकडंच जायची.

"अवो, इकडे या. पाहा काय केलं ते."

खुशालराव ओट्यावर बसून दात घासत होते. तोंडातली राखुंडी थुंकून ते सावकाश आले आणि फांद्यांकडं पाहून म्हणाले, "बकरी शिरली असन."

"बकरीनं खाल्लं असतं तं पाला सांडला असता. अठी एक पान नाई. कोनंतरी मोडून सारं साफ करून गेलं. हे हातवालीचं काम हाये."

"कोन्या हातवालीचं?"

"तुमाले मालूम नाई?"

मालूम होतं. वर्षभरापासून खुशालराव हेच ऐकत होते. म्हणून ते चूळ भरायला गेले.

गोष्ट अशी होती की मार्गशीर्षात पुनवेला गावातल्या दत्ताच्या देवळात पाळणा बांधतात, आणि तो पाळणा शेवंतीनं मढवायचा मान दुर्गाबाईचा होता. कुणी तो तिला लिहून दिला नव्हता. तिची लेकरं शाळेत जात होती तेव्हापासून ती टोपल्या भरभरून फुलं न्यायची आणि पाळणा नखशिखांत पिवळा करायची. बाया बाळाचं दर्शन घ्यायच्या आणि मागं वळून म्हणायच्या, "दुर्गाबाईची शेवंती म्हंजे शेवंती." एवढ्या एका वाक्यावर तिचं वर्ष निघायचं.

मग शेजारच्या गोपालचं लग्न झालं आणि वरूडची रागिणी त्याच्या घरी नांदायला आली. येताना तिनं माहेरची शेवंतीची रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून आणली. गेल्या वर्षी तीही टोपली घेऊन देवळात गेली. फुलं दुर्गाबाईच्या फुलांपेक्षा मोठी होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. देवळाचा कारभार पाहणाऱ्या देवरावांनी रागिणीची फुलं पाळण्याच्या पुढच्या अंगाला लावली आणि दुर्गाबाईची मागं, भिंतीकडं. मूर्तीला काय, पुढचं मागचं सारखंच. पण दुर्गाबाईला त्या दिवशी प्रसाद गोड लागला नाही.

दुसऱ्याच दिवशी तिनं गोठ्याचे जुने पत्रे काढायला लावून दोन अंगणांच्या मधे उभे केले. "माह्या झाडाले तिची नजर लागते," म्हणाली. आपली नजर मात्र ती पत्र्याच्या भोकातून रोज पलीकडं पाठवायची.

त्या भोकातून तिनं आषाढात एक गंमत पाहिली होती. रागिणी आपल्या शेवंतीचे शेंडे खुडत होती. चांगले हिरवेगार, वाढीला लागलेले शेंडे. दुर्गाबाईला हसू आवरेना. ती नवऱ्याला म्हणाली, "वरूडवाल्याईले संत्र्याचंच समजते. हातानं झाडाचं वाटोळं करून राहिली ते." तिनं स्वतःच्या झाडांना नख लावलं नाही. भादव्यात पाऊस झोडपून गेला तेव्हा तिची उंच सडसडीत झाडं चिखलात आडवी झाली, आणि रागिणीची बुटकी झाडं चहूबाजूंनी फुटून टोपलीएवढी झाली होती. तेव्हा कुठं तिला उमजलं. मग तिनं काठ्या लावून झाडं उभी केली, उशिरा का होईना शेंडे खुडले, शेण कालवून घातलं. झाडांनी पुन्हा फुटवे धरले. आणि आता हे, फांद्या मोडलेल्या.

"मी लाइट लावते," ती संध्याकाळी म्हणाली. "कोन येते ते दिसलं पायजे."

"चोराच्या मनात चांदनं," खुशालराव म्हणाले.

"मी कावून चोर? तुमी तेल्हाऱ्याले जा अन् चांगला मोठा फोकस घेऊन या."

घट बसले त्या दिवशी फोकस लागला. वळचणीला बांधलेला, तोंड खाली फुलझाडांकडं. बटण दाबलं की अंगणात सुई पडली तरी सापडावी. सांजेपासून सकाळपर्यंत तो जळायचा. दुर्गाबाई खाटेवर पडून खिडकीतून झाडांकडं पाहायची आणि तिला बरं वाटायचं. कुणी आलं नाही. ती म्हणायची, पाहा, भ्यायली.

दसरा गेला, दिवाळी आली. कापूस वेचायला मजुरांमागं धावावं लागत होतं, तरी दुर्गाबाई वावरात जायच्या आधी आणि आल्यावर पहिल्यांदा शेवंतीपाशी जायची. झाडं कशी दृष्ट लागण्यासारखी झाली होती, पानं हाताएवढी, रंग काळाभोर. फक्त कळी नव्हती. तिनं कपाशीच्या युरियातला मूठभर युरिया आणून घातला. पानं आणखी मोठी झाली. भोकातून पाहिलं तर रागिणीच्या झाडांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या, मोजता येणार नाहीत इतक्या. रोपं वेगळी म्हणावीत तर गेल्या वर्षी दिवाळीला तिच्याही झाडांना कळ्या होत्या. मग तिच्या मनात आलं, हिनं काही करणी तर केली नसेल? लिंबू-बिंबू सापडतं का म्हणून तिनं सगळे वाफे उकरून पाहिले. सापडली ती एक जुनी चप्पल, तीही खुशालरावांची.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती गोवऱ्या काढायला पाण्याच्या टाकीमागं गेली आणि तिथंच थबकली. आषाढात तिनं एक अधमेलं रोप उपटून टाकीमागं भिरकावलं होतं. त्याला ना शेण, ना पाणी. ते तिथंच जीव धरून उभं होतं आणि वरपासून खालपर्यंत कळ्यांनी लदलं होतं.

तिला वाटलं, आपण थकलो, भलतंच दिसतंय. तेवढ्यात घरातून खुशालरावांनी बटण दाबलं. अंगणात लख्ख उजेड पडला आणि टाकीची काळी सावली बरोबर त्या रोपावर आली. दुर्गाबाई टाकीच्या कडेला गेली. तिथल्या झाडाचं अर्धं अंग सावलीत होतं, अर्धं उजेडात. सावलीतल्या फांद्यांना कळ्या. उजेडातल्या फांद्यांना नुसती पानं. मधल्या एका फांदीला कळी आली होती, पण ती दगडासारखी घट्ट, वाकडी, तिथंच अडकून बसलेली. तिनं वर फोकसकडं पाहिलं, मग पत्र्यांकडं पाहिलं. पत्र्यांची सावली पलीकडं, रागिणीच्या झाडांवर पडत होती. आपणच उभे केलेले पत्रे रागिणीची शेवंती राखत होते.

"बंद करा ते," ती ओरडली.

"काय?"

"लाइट. बंद करा. झाडाले झोप पायजे, झोप."

खुशालरावांना काही कळलं नाही, पण त्यांनी बटण बंद केलं.

रात्रभर ती हिशेब लावत राहिली. आता कळी धरली तरी फुलायला पौष उजाडणार. पाळणा गेला. करायला गेले काय अन् वर झाले पाय.

सकाळी पत्र्यावर टकटक झाली. पलीकडून रागिणी बोलत होती. "काकू, एक इचारू का? तुमचा लाइट पाहून आमच्या घरीबी म्हनतात, आपनबी लावू. कळ्या लागल्या ना, कोनी तोडून नेईन. तुमी कोठून आनला?"

दुर्गाबाईच्या हातातला झाडू थांबला. तिला बोलायला फार वेळ लागला नाही.

"तेल्हाऱ्यावरून. लाव ना, बापा. चांगला मोठा लाव. अन् रातभर ठेवजो, मधात बंद करू नोको."

"हाव काकू."

त्या दिवशी संध्याकाळी पत्र्यापलीकडं उजेड पडला. दुर्गाबाईनं पोटभर जेवण केलं. दुसऱ्या दिवशीही तिला कपाशीच्या ओळी छोट्या वाटल्या. वेचणाऱ्या बाया कुजबुजल्या की आज बाईला झालंय काय, कुणावर खेकसत नाही. मनातून ती पाळण्यापाशी उभी होती आणि टोपली न घेता आलेल्या रागिणीचं तोंड पाहत होती. असं सुख तिला कैक दिवसांत मिळालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी देवराव आले. शेवंतीच्या वाफ्यापाशी उभे राहून त्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

"दुर्गाबाई, तुमच्याकडे तं यंदा पालाच हाये."

"हाव."

"मंग सारा भरोसा रागिणीवर. कळ्या हायेत तिच्याकडे, पन मी आताच पाहून आलो, उलीशा मंदावल्यासारख्या दिसतात. मी म्हनतो हे दर वर्षाचं टेन्शनच कायले? अकोल्याले प्लास्टिकच्या माळा भेटतात. धुतल्या का नव्या. एकदा आनल्या का फुलाची भानगडच मिटली."

"अन् मंग पुढच्या वर्षी?"

"त्याच. पुढच्या वर्षीबी त्याच. पेटीत ठेवून देऊ."

देवराव गेले आणि दुर्गाबाई टाकीच्या कडेवर बसली. रागिणीचं फूल पाळण्यावर पुढं लागलं असतं तर तिला जळता तरी आलं असतं. देठ लांब ठेवला, पाकळी चुरगळली, असं नाव ठेवता आलं असतं. प्लास्टिकवर जळायचं कसं? त्याला नाव काय ठेवायचं? आणि एकदा ती पेटी देवळात आली की पाळणा तिचाही नाही आणि रागिणीचाही नाही, तो दुकानदाराचा. जन्मभर सांभाळलेला मान दुकानदाराला जात होता.

ती उठली, पदर खोचला आणि पहिल्यांदा रागिणीच्या फाटकातून आत गेली.

"चाल माह्यासंग," ती म्हणाली. रागिणी घाबरून मागं मागं आली. दुर्गाबाईनं तिला टाकीपाशी नेऊन ते अर्धं झाड दाखवलं. कुठवर उजेड पडत होता ते बोटानं दाखवलं. "उजेडात हे कळी धरत नाई. धरली तं अडकते. तुह्या लाइट आजच काढ."

रागिणीनं दोन्ही अंगांच्या फांद्या वाकवून पाहिल्या. मग म्हणाली, "पन काकू, तुमीच तं म्हटलं, मोठा लाव, रातभर ठेव."

"म्हटलं."

"तवा तुमाले मालूम नव्हतं का?"

"मालूम व्हतं."

रागिणीचा चेहरा पडला. "अन् तुमी कायले लावला व्हता?"

बकरी, माकड, साप, सांगायला पुष्कळ होतं. पण एवढं सांगून झाल्यावर आता आणखी झाकायचं काय, असं दुर्गाबाईला वाटलं. "तुले धराले. चार फांद्या मोडल्या व्हत्या माह्या. पाला सुदा नव्हता खाली."

"तो तुमचा गोऱ्हा व्हता, काकू," रागिणी हळूच म्हणाली. "सुटला व्हता त्या दिवशी झाकटीलेच, उजाडायच्या आधी. मीच नेऊन बांधला. पाला सांडला व्हता तोबी मीच गोळा करून त्याच्यापुढे टाकला. म्हटलं, काकूचं अंगन साफ करून द्यावं."

"मंग सांगतलं कावून नाई?"

"तुमी बोलतच नव्हत्या ना माह्यासंग."

एवढं बोलून ती घरी गेली. रागावली की नाही ते कळलं नाही. संध्याकाळी पलीकडं अंधार होता.

दत्तजयंतीला पाळणा रागिणीच्या शेवंतीनं भरला, पुढूनही आणि मागूनही. दुर्गाबाई टाकीमागच्या रोपाची ओंजळभर फुलं घेऊन गेली होती, ती कुठं गेली ते दिसलंही नाही. बाया म्हणाल्या, "रागिणीची शेवंती म्हंजे शेवंती." दुर्गाबाईनं ते ऐकलं. ती आली तशी घरी निघून आली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

मग पौष आला. भाकड महिना, ना लग्न ना मुंज, ना कुठला मान. आणि दुर्गाबाईचं अंगण फुलून निघालं. उशिरा खुडलेले शेंडे, घातलेलं शेण, राहून गेलेली कळी, सगळं एकदम वर आलं. पाय ठेवायला जागा नाही इतकी पिवळी फुलं. गावातली बाकीची शेवंती वाळून भुरी झाली होती. ह्या फुलांचं करायचं काय, ह्या विचारानं आधी तिला रडू आलं. मग तिनं संक्रांतीचं हळदीकुंकू अंगणातच घातलं आणि साऱ्या आळीला बोलावलं. रागिणीलाही बोलावलं, कारण न बोलवावं तर तिला ही फुलं दिसली नसती.

बाया आल्या आणि फाटकातच उभ्या राहिल्या. माणिकबाईनं गालाला हात लावला. "दुर्गाबाई, साऱ्याईची शेवंती संपली अन् तुह्यी आता फुलली? काय केलं वं तू?"

किती दिवसांनी असं कुणी विचारलं होतं. दुर्गाबाईला स्वतःला आवरता आलं नाही. "उजेडात शेवंती कळी धरत नाई, माणिकबाई. म्हून मी फोकस लावून मुद्दाम मागं ठेवली. पाळण्याले रागिणीची फुलं व्हतीच. म्हटलं, संक्रांतीले बायाईच्या डोक्यात कायचं फूल राहीन?"

बोलून झाल्यावर तिला रागिणी दिसली. हळदीकुंकवाचं तबक घेऊन ती बायांना कुंकू लावत होती आणि तिचं बोट करंड्यातच थांबलं होतं. एक शब्द, आणि सगळ्या गावाला महिनाभर हसायला पुरलं असतं.

"खरं वं, रागिणी?" माणिकबाईनं विचारलं. "तू तं शेजारीन. तुले मालूम असन."

रागिणीनं दुर्गाबाईकडं पाहिलं. मग माणिकबाईच्या कपाळाला कुंकू टेकवलं. "हाव ना. काकूनं मले तवाच सांगतलं. लाइट काढ म्हने, नाईतं तुह्या कळ्या जातीन. काकूनं नसतं सांगतलं तं पाळना बिनफुलाचाच राहिला असता."

"भल्ली हुशार वं तू, दुर्गाबाई," माणिकबाई म्हणाली आणि बाया फुलं तोडायला वाकल्या.

रात्री दुर्गाबाईनं खुशालरावांच्या ताटात भाकर टाकली, पण स्वतः बसली नाही.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "सारं गाव नाव घेऊन राहिलं तुह्यं."

"ते रागिणी लय चांगली हाये."

"मंग?"

"मंग काय," दुर्गाबाई म्हणाली. "तेच तं सहन होत नाई."