हळदीने लाल झालेला बूट

मित्रांनो, पांढरा बूट मळू नये म्हणून लोक किती जपतात. मी मात्र ज्या डागामुळे चार देशांत ओळखला गेलो, तो घरच्याच हळदीने आणि घरच्याच साबणाने पडला. मी योगराजच्या उजव्या पायातला फुटबॉलचा बूट. डावा माझा जुळा भाऊ, पण जरा ऐदी. गोल मारायचे ते मीच. एवढा भाव मला खाऊ द्या.

योगराज सुरतेच्या नवागामचा. त्याचे वडील निंबा आबा खानदेशातून येऊन कापड विणायच्या लूमवर कामाला लागले. पोरगा मात्र लूमच्या मागच्या मोकळ्या जागेत चिंध्यांचा चेंडू लाथाडत मोठा झाला, आणि एके दिवशी मालदीवच्या एका क्लबने त्याला खेळायला बोलावले. त्या आनंदात त्याने मला विकत घेतले. मी तेव्हा इतका पांढराशुभ्र होतो, की त्याची आई मालतीबाई मला हात लावण्याआधी पदराला हात पुसायची.

तो निघायच्या आदल्या दिवशी दसरा होता. त्यांच्या घरी दसऱ्याला पोट भरणाऱ्या हत्यारांची पूजा होते. पाटावर कात्री होती, आणि लूमवर सूत इकडून तिकडे नेणारा आबांचा लाकडी धोटा होता. मालतीबाईने मलाही शेजारी बसवले. हळदीचे बोट लावायचे, तर पोरगा परदेशी चालला म्हणून तिने माझ्या नाकाडावर ओल्या हळदीची मूठच थापली. संध्याकाळी तिलाच वाटले, असला पिवळा बूट पाहून लोक पोराला हसतील. ती मला मोरीत घेऊन बसली आणि खसाखसा कपड्याचा साबण लावला.

हळद लालभडक झाली. जितकी घासली तितकी लाल.

"आवं माय, हाई तं रगत दिसस," शेजारची रंजना म्हणाली, आणि मालतीबाईच्या डोळ्यांत पाणीच आले. लेक निघालाय आणि बुटावर रक्तासारखा डाग.

योगराजने मला तिच्या हातातून घेतले. "ऱ्हाऊ दे, माय. तुना हातना डाग शे. घरनी याद ऱ्हाई."

मालदीवला पहिल्याच सरावात प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिले आणि जोरात शिट्टी वाजवली. दोन माणसे बर्फाची पिशवी घेऊन धावत आली. योगराज वाळूत बसून समजावतोय की पाय धडधाकट आहे, हा आईचा साबण आहे, आणि त्याचे कुणी ऐकेना. शेवटी त्याने मला काढून पायाची बोटे हलवून दाखवली. सगळा संघ पोट धरून हसला. त्या दिवसापासून तो 'लाल बूटवाला' झाला.

खरे सांगतो, या नावाने आम्हाला जगवले. योगराज काही मोठा तारा नव्हता. कुठे पूर्ण हंगाम, कुठे अर्धाच. मालदीवनंतर भूतान, मग नेपाळ, मग बांगलादेश. पुष्कळदा आम्ही बाकावर बसून असायचो आणि सामना संपत आला की मैदानात जायचो. पण हंगाम संपला की कुठल्या तरी क्लबमध्ये कुणी तरी म्हणे, तो लाल बूटवाला फॉरवर्ड बोलवा. सुट्टीत घरी आलो की नवागामचा बळीराम मोची मला लूमच्या पक्क्या दोऱ्याने शिवायचा. भूतानच्या थंडीत तर नाकाड बधिर झालेले असताना मी शेवटच्या मिनिटाला गोल मारला आणि अनोळखी माणसांनी योगराजला खांद्यावर घेतले. त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

मग गुडघा गेला. योगराज परत आला आणि पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये लागला. गल्लीतले विचारायचे, "काय रे, टीव्हीवर कधी दिसला नाहीस?" तो नुसता हसायचा. मी माळ्यावर गेलो. डाग फिकट होत होत दिसेनासा झाला.

यंदा दसऱ्याच्या साफसफाईत मी खाली आलो. दारात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई बसली होती. योगराज म्हणाला, "माय, हा जोडाही दे तिला. उगाच जागा अडवतोय." माझा जीव टाचेत गोळा झाला.

बाईने मला उलटेपालटे केले. "बेन, बूटनुं कंई नहीं आवे. साडी होय तो लावो."

मित्रांनो, बुटाचे भांडे येत नाही म्हणून तिने मला नाकारले, त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी पाट मांडला. आबांनी धोटा ठेवला आणि शेजारी मला ठेवले. योगराज म्हणाला, "आबा, पूजा कामाच्या हत्याराची. हा आता कुठे कामाचा?"

आबांनी धोट्यावरून हात फिरवला. "आते बिगर धोट्याना मशीन चालतस. हाऊ बी बंद शे. पन यानंच खाईसन तू मोठा व्हयना. मंग याले फेकी देऊ का?"

योगराज खाली बसला आणि माझी नाडी स्वतःच्या हाताने नीट बांधली.

तेवढ्यात त्याच्या भावाची मुलगी चंचल आपले कोरे पांढरे बूट घेऊन आली. तिची नुकतीच शाळेच्या मुलींच्या संघात निवड झाली आहे. तीही फॉरवर्ड. तिने ते माझ्याशेजारी ठेवले. मालतीबाईने या वेळी शहाणपणाने एकेक बोटच हळद लावली.

पूजा झाली आणि चंचल बूट उचलून थेट मोरीत गेली. आतून खसाखसा आवाज आला.

"चंचल, साबण नको लावू, लाल होईल," योगराज ओरडला.

"खबर छे, काका," ती आतून म्हणाली. "म्हणून तर लावतेय."

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखे कुणी असेल. त्याला वर्षातून एकदा खाली काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि तो कुठे कुठे जाऊन आला ते घरातल्यांना विचारा. डाग मात्र घासू नका. परवापासून शेजारच्या डिंडोलीच्या मैदानावर चंचलचा लाल बूट धावतोय आणि कडेला उभा राहून योगराज त्याला पास कुठे द्यायचा ते सांगतोय. त्याने मला पायात घातले आहे.