नाव, गाव, पात्र

भागूबाई सुईण पात्र ठरली आणि तिचं तांब्याचं घंगाळ झालं. साहेबांनी कागदावरून बोट फिरवत ‘अध्यक्षा, भागीरथी सोनू वाघमोडे, पात्र’ एवढंच म्हटलं होतं. खुर्चीत घंगाळ बसलं होतं, दोन कड्यांचं, चांगलं वजनदार. कुणी ओरडलं नाही. ओरडायचं तरी कशाला? निम्म्या गावाला पहिली अंघोळ तिनं घातलेली, ती दुसरं काय होणार होती, डालड्याचा डबा? अनसामाईनं घंगाळ दोन्ही हातांनी उचललं आणि शाळेच्या ओट्यावर उन्हात ठेवलं. ते अजून कोमट होतं.

आता संस्था म्हणाल तर केवढी! कागदावर ‘दोनकाठ ग्रामीण सेवा मंडळ’, आणि खरं बघायला गेलं तर एक नाव. शाळा अल्याड, वाडी पल्याड. वाडीची पोरं, अडलेल्या बाया, तापानं फणफणलेली म्हातारी माणसं, सगळी त्या नावेतून यायची. माईचा नवरा मुकिंदा भोई वल्हवायचा. तो गेल्यावर माईनं वल्हं हातात घेतलं ते घेतलंच.

पण नावेचा तळ गळायला लागला. त्यात ट्रकवाल्यांनी वाळू उपसून उपसून नदीची पार वाट लावली, मेल्यांनी! पाण्याला कुठं जायचं तेच कळेना. कुणाच्या उसात शिरतंय, कुणाच्या परड्यात जाऊन बसतंय. नाव घालावी तर चिखलात रुतते, चालत जावं तर माणूस मांडीपर्यंत आत. वाडीची पोरं दिवाळीपासून घरी बसली होती. रोज सकाळी दप्तरं घेऊन पल्याडच्या काठावर उभी राहायची आणि माईकडं बघून परत जायची. ते बघून माईच्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती.

म्हणून निधीसाठी अर्ज केला. अर्ज शेवाळे गुरुजींनी भरला. पहिल्याच रकान्यात विचारलं होतं, ‘नाव’. गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘जुनी, सागवानी, तळाला गळते.’ कचेरीनं काहीच हरकत घेतली नाही. तेव्हापासून तिकडची पत्रं ‘श्रीमती जुनी सागवानी’ यांच्या नावानं यायची आणि शेवटी तपासणीला साहेब आले. तरणे होते, घामेजलेले, बोलायला मऊ. आडनाव कुंभोजकर.

घंगाळ ठेवून माई आत आली तोवर गुरुजी पात्र ठरले होते. टेबलावर पितळेचं फुलपात्र होतं, चकचकीत. त्यानंतर खिचडी शिजवणारा यशवंता पात्र ठरला. त्याचं भलंमोठं पातेलं झालं आणि ते दारातून बाहेर निघेना, तेव्हा कोपऱ्यातच राहू दिलं.

“आता तुम्ही, माई,” साहेब म्हणाले.

“मला नका करू, साहेब.”

“सगळी कार्यकारिणी पात्र असल्याशिवाय नवी नाव मंजूर होत नाही.”

“आन् सगळीच पात्र झाल्यावर वल्हवायचं कुनी? घंगाळानं?”

“ते नियमात नाही,” साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच पडला होता. “मी नियम करत नाही हो. मी फक्त वाचून दाखवतो.”

चिखलाचं पाणी एव्हाना शाळेच्या उंबऱ्यावरून आत आलं होतं. त्यानं बाकांचे पाय धरले. साहेबांनी पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले आणि घसा खाकरला. पाहुणा माणूस, निदान पाणी तरी द्यावं, म्हणून माईनं माठातलं पाणी फुलपात्रात ओतलं. ओतलं आणि तिचा हात तिथंच थांबला.

आत नदी होती. आताची नव्हे, पहिली. काठोकाठ, निळी, खाली वाळू दिसावी इतकी नितळ. नावेत मुकिंदा वल्हवत होता आणि समोर हळदीच्या अंगानं नवी नवरी बसली होती, मान खाली घालून. ती पाण्यात बोटं बुडवत होती. मुकिंदा म्हणत होता, “अगं, बोटं काढ, मासं चावत्यात.” आणि नवरीनं खरंच दचकून बोटं काढली. बावळट कुठली! माईला हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. किती वर्षांत त्याचा आवाज ऐकला नव्हता तिनं. काय ती नदी होती, आणि काय ते दिवस!

“गुरुजींनी सगळं जपून ठेवलंय,” ती डोळे पुसत म्हणाली आणि फुलपात्र तसंच भरलेलं साहेबांपुढं ठेवलं.

साहेब ते प्यायले नाहीत. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग नकाशात, मग पुन्हा बाहेर.

“माई, अजून एक अडचण आहे. इथं नदीचं पात्र दाखवलंय. ते मला कुठं दिसत नाही. पात्र नसेल तर नाव मंजूर होऊन तरी चालणार कुठं?”

पाणी माईच्या घोट्यापर्यंत आलं होतं. पल्याड पोरं येऊन उभी राहिलेली खिडकीतून दिसत होती. एकानं धाकट्या बहिणीला खांद्यावर घेतलं होतं.

“म्हंजी एक पात्र कमी पडतंय,” माई म्हणाली.

“तसं म्हणा.”

“मग वाचा माझं नाव.”

“माई, कसलं पात्र व्हायचं ते आमच्या हातात नसतं. ज्याचं त्याचं होतं.”

“मला ठावं हाय माझं काय व्हायचं ते. जन्म काढलाय तिच्यावर. वाचा तुम्ही!”

साहेबांनी कपाळ पुसलं आणि वाचलं, “सभासद, अनसूया मुकिंदा भोई. पात्र.”

माई आडवी झाली. तिची टाच डोंगराच्या पायथ्याला टेकली, डोकं पार खालच्या वळणापाशी गेलं. भिंती आपल्या बाजूला सरकल्या आणि शाळा काठावर जाऊन बसली. उसातलं, परड्यांतलं पाणी पाऊलवाटेनं घरी आल्यासारखं तिच्या अंगात शिरलं. गार होतं. अंगभर वाळू होती, आणि त्या वाळूत मासे तोंडं खुपसत होते. माईला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की पोरांची आठवण व्हायला तिला जरा वेळच लागला.

नाव मंजूर झाली होती. टेबलाच्या जागी ती तरंगत होती, कोरी करकरीत, रंगाचा वास येणारी. साहेब तिच्यात उभे होते आणि त्यांच्या हातात पेनाच्या जागी वल्हं होतं. ते वल्हं त्यांनी पेनासारखंच धरलं होतं. नाव मधोमध आली आणि गोल फिरायला लागली.

पल्याडच्या काठावर पोरांनी दप्तरं डोक्यावर घेतली. त्यांनी पहिल्यासारखी हाळी दिली.

“नाऽऽव! ओऽऽ, नाऽऽव!”

डावीकडनं दाबा हो, डावीकडनं, माईला खालून सांगायचं होतं. पात्राला कुठलं आलंय तोंड?

“नाऽऽव!”

साहेबांनी वल्हं सोडून दिलं, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पोरांना सांगितलं,

“सुहास रामकृष्ण कुंभोजकर!”